चौघांच्या डावात एकास एक पुरत नाही

मॅजिक या कार्डांच्या खेळातल्या कमांडर प्रकारासाठी (यात बहुधा चौघे खेळतात) एका सल्ल्यात सुचवलंय की समोरच्याचं एकेक कार्ड उडवणारी कार्डं जितकी जास्त तितकं बरं, आणि लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा देणारी कार्डं) ३० पुरे. पहिलं दोघांच्या खेळात पटतं, चौघांत नाही. मी एक कार्ड खर्चून तुमचं एक उडवलं की आपण दोघंही एकेक कार्डाने मागे पडतो आणि उरलेले दोघे काहीच न करता पुढे जातात. शिवाय जिंकायला तिन्ही प्रतिस्पर्ध्यांचे मिळून १२० लाइफ, म्हणजे जीवनगुण, संपवायचे असतात. दोघांच्या खेळातल्या २० लाइफच्या हिशोबाने बांधलेला झटपट हल्ल्याचा डेक (कार्डांचा संच) अर्ध्या वाटेतच धापा टाकतो. म्हणून तिघांवर एकदम परिणाम करणारी आणि दर फेरीला नवं कार्ड ओढू देणारी कार्डं आधी निवडा. एकेकट्याला उडवणारी सगळीच काढू नका. कुणी जिंकायच्या बेतात असेल तेव्हा तीच वाचवतात.

लँडचं मात्र कळकळीने सांगतो, ३० वर आणू नका. कमांडर हे मुख्य कार्ड सोडून डेकमधल्या उरलेल्या ९९ मध्ये ३७ लँड असतील तर पहिल्या ७ कार्डांत सरासरी २.६ येतात, ३० असतील तर २.१. डेक फारच स्वस्त, म्हणजे खेळायला कमी ऊर्जा लागणाऱ्या, कार्डांचा असेल तर गोष्ट वेगळी.