वाळूचं कॅलिब्रेशन सर्वांत आधी शिकवा
सँड रिप्लेसमेंट म्हणजे भरावाची माती किती घट्ट दाबली गेली हे साइटवर तपासायची चाचणी: छोटा खड्डा खणून निघालेली माती तोलायची आणि खड्डा भरायला किती वाळू लागली त्यावरून त्याचं आकारमान काढायचं. 'खड्डा नीट खणता आला की सँड रिप्लेसमेंट जमली' हे मत अर्धंच पटतं. खड्ड्याची कड ढासळू नये, सुटलेली माती कणभरही ट्रेबाहेर जाऊ नये, हे खरंच. पण प्रशिक्षणात वाळूकडे दुर्लक्ष होतं आणि निकाल तिथेच बिघडतो. वाळू १ मिमीच्या चाळणीतून गेलेली, ६०० मायक्रॉनवर राहिलेली, कोरडी हवी. खड्ड्यातून परत काढलेली वाळू न चाळता, न वाळवता वापरली की तिची घनता बदलते आणि कॅलिब्रेशनचा जुना आकडा (ठरावीक आकारमानाच्या भांड्यात वाळू भरून आधी काढलेली तिची घनता) निरुपयोगी ठरतो.

शिकणाऱ्यांकडून एक प्रयोग जरूर करून घ्या. १०० मिमी व्यासाचं, १५० मिमी खोल कॅलिब्रेशनचं भांडं (सुमारे ११७८ घनसेंमी) आधी शांतपणे तीनदा भरा, मग शेजारची जमीन ठोकत भरा. प्रत्येक वेळी वाळू ओतायचा सिलिंडर सारख्याच पातळीपर्यंत भरलेला असू द्या. हादऱ्याने वाळू दबून बसते, जास्त मावते. साइटवर रोलर जवळ चालू असताना हेच घडतं: ३ टक्के वाळू जास्त गेली की खड्डा तेवढाच मोठा भासतो आणि ९७ टक्के कॉम्पॅक्शन (प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या तुलनेत मातीची घट्टता) ९४ दिसतं. वाळू पडत असताना रोलर थांबवायलाच हवा.