मेसचं जेवण खाऊन बॉडी बनते का?

वय २१, वजन ६० किलो, पुण्यात मेसला जेवतो आणि घरी माळकरी त्यामुळे अंडंसुद्धा नाही. ४ महिने जिम करतोय पण काटा हलत नाहीये, ट्रेनर म्हणतो प्रोटीन पावडरचा डबा घे, बजेट नाही भाऊ. काय करू?

तालीमवाला:
डबा राहू दे, आधी हिशोब कर. वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धर, म्हणजे तुला ९५ च्या आसपास लागतं. मेसच्या डाळीत डाळ कमी पाणीच जास्त, तिच्या भरवशावर राहू नको. सोयाबीन वड्या आण, ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५-२६ ग्रॅम प्रोटीन असतं, अर्धा लिटर दुधात १६, मूठ-दोन मूठ शेंगदाणे, बाकी चपात्या उसळ धरून जमतंय. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळ नाहीतर वास मारतो.

जोरबैठक:
आमच्या कोल्हापूरकडं पैलवान थंडाई पितात पण ते दिवसाला शेकड्यानं जोर-बैठका मारतात, ते बघून नुसते बदाम-तूप खाशील तर पोटच सुटेल. तू वजन वाढवतोस का दर आठवड्याला? की तेच १० किलोचे डंबेल ४ महिने?

प्रश्नकर्ता:
तेच 😅

जोरबैठक:
मग काटा कसा हलणार. स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), बेंच (आडवं पडून वजन वर ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडं ओढणं) धर, एका दमात १२ वेळा सहज निघालं की अडीच किलो वाढव. आणि रात्री २ पर्यंत रील्स बघणं बंद.