धरणाच्या बॅकवॉटरला तरंगती जेटी टाकायची आहे, परवानगी नक्की कोणाची लागते?

बॅकवॉटर_होमस्टे
नमस्कार मंडळी. पुणे जिल्ह्यात एका धरणाच्या कडेला आमची वडिलोपार्जित जागा आहे (धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही), तिथे छोटा होमस्टे चालवतो. गेस्ट आले की पहिला प्रश्न, पाण्यात उतरता येतं का, कयाक आहे का. म्हणून दोन कयाक आणि एक पेडल बोट घ्यायची आणि उतरायला छोटी जेटी टाकायची असं ठरवलंय. पक्कं बांधकाम काही नाही, ते प्लास्टिकचे ठोकळे एकमेकात अडकवून बनवतात ना तसली, नको झाली की सोडवून उचलून नेता येते. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे, मासिक सभेचा ठरावही आहे. पण शेजारच्या रिसॉर्टला जेटी काढा म्हणून नोटीस आली आणि तेव्हापासून घरात टेन्शन आहे. एका ऑफिसात विचारलं तर म्हणे हे आमच्याकडे येत नाही, त्यांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्यांनी परत पहिल्यांकडेच पाठवलं. पुढेमागे एखादी मोटरबोट पण घ्यायचा विचार आहे. कोणी हे रीतसर केलंय का? एजंटचे नंबर नकोत, ते भरपूर आहेत.

निवृत्त_शाखाभियंता
ठराव जपून ठेवा, पण त्याच्या जोरावर पाण्यात काही टाकू नका. धरणाचं पाणी आणि बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचं असतं, तिथे ग्रामपंचायत हरकत नाही म्हणाली तरी ती मालक म्हणून बोलत नसते. शिवाय बऱ्याच धरणांना संपादन करताना पाण्याच्या वरचीही पट्टी घेतलेली असते, त्यामुळे मे महिन्यात तुमच्या कुंपणापासून पाणी पार खाली गेलेलं दिसतं ना, ती मधली सगळी जमीन सरकारी. आधी हद्दीचे दगड शोधा. मी नोकरीत असताना हे दगड उपटून बंगल्याच्या पायरीला बसवलेले पण पाहिलेत, म्हणून सांगतो, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, डोळ्यांनी अंदाज करू नका.

तरंगती आहे म्हणजे बांधकाम नाही हा युक्तिवाद फार वेळा ऐकलाय. जेटी तरंगते हो, पण दोर काठावरच्या खुंटाला बांधणार, खाली सिमेंटचा ब्लॉक सोडणार, आणि ती जागा धरणाची. अर्ज कार्यकारी अभियंत्यांकडे, उपविभागामार्फत. पिण्याच्या पाण्याचं धरण असेल तर सांडपाणी आणि डिझेल यावर पहिला प्रश्न येणार. उदाहरण म्हणून पवना घ्या, 1972 मध्ये धरण झालं, आज पिंपरी-चिंचवडचा बहुतेक भाग ते पाणी पितो. खोल्या वाढवणार असाल तर बांधकाम परवानगी वेगळी, मावळात ती पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण).

मावळचा_धरणग्रस्त
साहेब नियम आम्हाला पाठ आहेत हो, लागू कोणाला होतात ते बोला. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांना पाणी उतरल्यावर गाळपेरीला जमीन मिळवायची तरी दरवर्षी अर्ज, हेलपाटे, आणि शनिवार-रविवारी कोणाच्या तरी फार्महाऊसची स्पीडबोट जाळ्यावरून जाते ती कुणाला दिसत नाही. याच पवनेच्या पाण्याच्या पाइपलाइनला विरोध केला म्हणून 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला एक्सप्रेसवेवर पोलिसांचा गोळीबार झाला, आमची तीन माणसं गेली. त्यामुळे "पाणी सरकारचं" हे वाक्य मावळात जरा जपून बोला. होमस्टेवाले दादा, तुम्ही स्थानिक दिसताय, तुम्ही लावा जेटी, आमची हरकत नाही. पण गावातल्या मासेमारी सोसायटीला विचारलंय का? कोणी विचारतच नाही.

तापोळ्याची_लाँच
बोटीचं मी सांगतो, आमचं पोट त्यावरच आहे. मोटर असलेली बोट म्हणजे अंतर्देशीय जलयान कायदा 2021, त्याने 1917 चा जुना कायदा बदलला. बोटीचा सर्व्हे, नोंदणी, आणि चालवणाऱ्याकडे त्याचं सर्टिफिकेट. आपल्याकडे ते काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं, नाव समुद्राचं असलं तरी धरणातल्या बोटीही त्यांच्याच. बिनमोटरच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे सोपवायची सोय त्याच कायद्यात आहे, म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीचा संबंध आला तर तिथे येईल, जेटीत नाही.

आमच्याकडे शिवसागरात (कोयना धरणाचा जलाशय) जिल्हा परिषदेच्या लाँच आणि तराफा चालतो, तराफ्यावर जीपसकट माणसं पलीकडे जातात, ती गावकऱ्यांची गरज आहे. वासोटा किल्ल्याला जायचं तर वर वनखात्याची परवानगी, कारण तिकडे अभयारण्य. सांगायचा मुद्दा, एक जलाशय आणि मालक चार.

जेटीबद्दल अजून एक. पावसाळ्यानंतर टाकाल तर जानेवारीपासून पाणी मागे सरकायला लागतं. दोर आणि मधला फळ्यांचा पूल दर आठवड्याला सरकवायला माणूस ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये जेटी चिखलात आणि गेस्ट गुडघाभर गाळात.

बॅकवॉटर_होमस्टे
सगळ्यांचे आभार. मासेमारी सोसायटीचं डोक्यातच आलं नव्हतं. पण एक कळत नाही, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर तर नगरपालिकाच बोटिंग चालवते, मग आमच्या ग्रामपंचायतीला का नाही?

निवृत्त_शाखाभियंता
कारण तिथे पालिकेच्या ताब्यात तलाव आहे. 1842 चा जुना तलाव, आपल्या धरणासारखं सिंचन प्रकल्पाचं संपादन नाही. आणि तलाव ताब्यात असला म्हणजे वाट्टेल ते करता येतं असंही नाही. पवईला मुंबई महापालिकेने काठाने सायकल ट्रॅक करायला घेतला, हायकोर्टाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवून झालेलं काम काढायला लावलं. पाणथळ जागांचे 2017 चे नियम आडवे आले.

जाकीट_आधी
जेटीची चर्चा चाललीये म्हणून मध्ये बोलतो. वडोदऱ्याच्या हरणी तलावाकडे कागद नव्हते का? तलाव महापालिकेचा, करार होता, ठेकेदार होता. 18 जानेवारी 2024 ला सहलीची बोट उलटली, 12 शाळकरी मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, बोटीत माणसं जास्त आणि सगळ्यांना जाकिटं नाहीत. नंतर कोर्टाने महापालिकेने ठेका दिला कसा इथपासून विचारायला घेतलं. चार महिन्यांनी उजनीत कुगाव ते कळाशी बोट, 21 मे, संध्याकाळी वादळी वारा सुटला, सहा जण गेले. परवानगी देणाऱ्याने त्यानंतर काठावर येऊन जाकिटं मोजली पाहिजेत, ते कोण करतं सांगा. मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव नको) आम्हाला जी जाकिटं दिली त्यातल्या निम्म्यांची बकलं तुटलेली, मुलाला सुतळीने बांधून दिलं वर "काही होत नाही ओ".

दादा, कयाकिंग पैसे घेऊन करणार असाल तर 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बघा, आणि इन्शुरन्स. गेस्टला फुकट दिली म्हणून जबाबदारी जात नाही.

मावळचा_धरणग्रस्त
हे बरोबर बोलले. आमच्याकडे पोरगं बुडालं की शोधायला आमचेच लोक पाण्यात उतरतात, आणि पावसाळ्यात कलेक्टरची बंदी असते तेव्हा पण लोक उतरतातच.

बॅकवॉटर_होमस्टे
मोटरबोट तूर्त रद्द, घरच्यांनी हे वाचलंय. आधी मोजणी टाकतो. अर्जात जेटी "तात्पुरती" लिहिली तर चालेल ना?

निवृत्त_शाखाभियंता
नुसतं तात्पुरती लिहिलंत तर किती दिवसांची हा प्रश्न येऊन फाईल परत येईल. लांबी-रुंदी, दोर कुठे बांधणार, कोणत्या महिन्यात काढणार, सगळं लिहा, मोजणीचा नकाशा जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. आणि उत्तर नाही असं आलं तर तेही लेखी मागा.

मावळचा_धरणग्रस्त
मोजणीला रिसॉर्टवाल्याला पण बोलवा. त्याचा दगड कुठे गेला तेही कळेल.