सॉफ्टवेअरवर वाजवणाऱ्याला खरा डीजे म्हणावे का?

अनगोळचा वाजवणारा (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगाव शहर आणि खानापूर तालुक्यातील लग्ने, हळदी आणि मंडळांचे कार्यक्रम घेतो. एक लॅपटॉप आणि त्याला जोडायचा, दोन जॉग व्हीलचा (हाताने फिरवायच्या चकत्यांचा) कंट्रोलर एवढीच माझी सामग्री आहे. गेल्या लग्नसराईत आमच्याच धंद्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला चारचौघांत ऐकवले की, ज्याने तबकडीला कधी हात लावला नाही त्याने स्वतःला डीजे म्हणवून घेऊ नये. सिंकचे, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारे, बटण दाबायला शेंबडे पोरही शिकते. बोलणे मनाला लागले, पण त्यात तथ्य किती हा विचार त्याहून अधिक छळतो आहे. तबकडी पुढेमागे घासून तिच्यातून नवीच लय उभी करणारे टर्नटेबलिस्ट मी यूट्यूबवर पाहिले आहेत आणि ते मला येत नाही, हे उघड आहे. मग मी जे करतो ते कोणत्या खात्यात मांडायचे? कंट्रोलर विकून जुने टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारे यंत्र, घ्यावे का? आजोबांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांचा गठ्ठा आहे, त्यांवर हात बसवता येईल का? जाणकारांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

टिळकवाडीकर

कंट्रोलर विकू नका. आपल्या ज्येष्ठांनी दोन निरनिराळ्या कामांची गल्लत केली आहे, असे माझे मत आहे. समोरच्या मंडळींचा रंग ओळखून गाणे निवडणे आणि नाचणाऱ्यांचे पाऊल न अडखळता एका गाण्यातून दुसऱ्यात जाणे हे डीजेचे काम. टर्नटेबलिझम ही याच कामातून फुटलेली, परंतु पुढे वेगळी वाट धरलेली वादनकला आहे. तबकडी आणि मिक्सरचा क्रॉसफेडर (एका बाजूचा आवाज कमी करत दुसरीचा वाढवणारी सरकपट्टी) ही तिची वाद्ये. उत्तम टर्नटेबलिस्ट रात्रभर वरात नाचवू शकेलच असे नाही, आणि वरात नाचवणाऱ्याला क्रॅब किंवा फ्लेअरसारखे स्क्रॅच, म्हणजे तबकडी घासून आवाज काढण्याचे प्रकार, यायलाच हवेत असेही नाही.

इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत कूल हर्कने आपल्या बहिणीच्या कार्यक्रमात गाणी वाजवली आणि हिप-हॉपचा आरंभ तेथून मोजण्याची प्रथा पडली. नाचणारी मुले गाण्यातील निव्वळ तालवाद्यांच्या तुकड्याची वाट पाहतात हे हर्कने हेरले होते, म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवू लागला. ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर क्रेयॉनने खुणा करून तोच तुकडा अचूक जागी पकडण्याची शिस्त आणली. त्याच दशकात ग्रँड विझार्ड थिओडोरने तबकडी हाताने मागेपुढे करताना येणारा आवाजच संगीत म्हणून वापरला आणि स्क्रॅच जन्माला आला. आता आपल्या कंट्रोलरकडे पाहा. गाण्यातील खूण केलेल्या जागी थेट नेणारे हॉट क्यूचे बटण फ्लॅशच्या क्रेयॉनचे काम करते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारे लूपचे बटण हर्कच्या दुसऱ्या प्रतीचे. थिओडोरने जे केले ते मात्र कोणत्याही बटणात मावलेले नाही. ते आजही मनगटानेच करावे लागते.

म्हणून आपल्याला टर्नटेबलिस्ट म्हणता येणार नाही. डीजे मात्र अवश्य म्हणता येईल. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ए-ट्रॅक हा वादक १९९७ साली, वयाच्या १५व्या वर्षी डीएमसी या डीजेंच्या स्पर्धेत विश्वविजेता झाला, तो अर्थातच तबकड्यांवर. तोच पुढे सेराटो हे डीजेंचे सॉफ्टवेअर घेऊन जगभर वाजवू लागला. त्याच्या हातातील कसब त्यामुळे उणे झाले, असे कोणी म्हणत नाही.

निपाणीचा साउंडवाला

टिळकवाडीकरांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण त्यांनी त्या ज्येष्ठांना फार लवकर निकालात काढले. त्यांच्या बोलण्यातील कडवटपणा बाजूला ठेवला तर एक मुद्दा उरतोच आणि तो कानाचा आहे.

एक गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि दुसरे १२०.५ ठोक्यांचे असेल, तर दोन्ही एकत्र सोडल्यावर पहिली काही सेकंदे काहीच जाणवत नाही. मिनिटभराने मात्र ती एकमेकांपासून अर्ध्या ठोक्याने सरकलेली असतात आणि दोन ढोलकीवाले भांडत असल्यासारखा गोंधळ ऐकू येतो. तबकडीवर शिकलेला माणूस एका कानाला हेडफोन लावून हा सरकण्याचा आरंभच ओळखतो आणि पिचची, म्हणजे गाण्याचा वेग कमीजास्त करणारी, पट्टी केसभर हलवून किंवा तबकडीच्या कडेला बोट टेकवून दुसऱ्या गाण्याला जागेवर आणतो. ज्याने पहिल्या दिवसापासून सिंक दाबले त्याला हे ऐकू येण्याची गरजच पडत नाही, आणि ज्याची गरज नसते ते सहसा शिकले जात नाही. सॉफ्टवेअर बरोबर असेपर्यंत सारे ठीक चालते. ते चुकले की हा मुलगा ध्वनीच्या लाटांच्या आकृतीकडे पाहत उभा राहतो, कारण काय चुकले हे त्याला पडद्यावर दिसत नाही आणि कानाला कळत नाही.

आपल्या भागात तर सॉफ्टवेअर हमखास चुकते. एकाच हळदीच्या मांडवात मराठी कोळीगीत, मग हुबळी-धारवाडकडचे कन्नड जानपद (लोकगीत), मग जुने हिंदी गाणे अशी फर्माईश येते. जुनी चित्रपटगीते समोर वादक बसवून ध्वनिमुद्रित झालेली आहेत. अंतऱ्यात ती किंचित धावतात, मुखड्यावर येताना पुन्हा बसतात. सॉफ्टवेअरने आखलेली ठोक्यांची जाळी पहिल्या कडव्यात बरोबर आणि तिसऱ्यात साफ चुकलेली, असे सर्रास होते. सहा मात्रांच्या ठेक्यातील गाणे आले की आणखी पंचाईत, कारण ही जाळी बहुतेक वेळा चारचारच्या हिशेबाने आखली जाते आणि सम भलतीकडेच पडते. अशा वेळी सिंक चालू ठेवणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. गाणे जोडण्याच्या आग्रहाऐवजी ध्रुपदाच्या शेवटच्या अक्षरावर पहिले गाणे स्वच्छ तोडून दुसरे समेवर उचलणे केव्हाही चांगले, आणि त्याला निव्वळ कान लागतो.

खरा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो पेन ड्राइव्हवाल्यांवर घ्यावा. स्टुडिओत आधीच जोडून घेतलेला तासाभराचा मिक्स लावायचा, डॉल्बीच्या भिंतीपुढे हात उंचावून उभे राहायचे आणि बंद असलेल्या फेडरवर बोटे फिरवायची, हा प्रकार मी मिरवणुकीत ट्रॉलीवर चढून स्वतः पाहिला आहे. त्यापेक्षा सिंक दाबणारा पुष्कळ बरा; निदान पुढचे गाणे तरी तो तिथे उभा राहून ठरवतो.

खानापूर रस्ता

मिरवणुकीपुरते बोलायचे तर मंडळांनाच तयार मिक्स हवा असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, सूट मोजक्याच दिवसांची आणि तीही मध्यरात्रीपर्यंतची; मिळालेल्या वेळेत ठरलेली सगळी गाणी झालीच पाहिजेत, असा कार्यकर्त्यांचा हट्ट असतो. तेथे कला शोधण्यात अर्थ नाही. वाजवणाऱ्याचा कस हळदीच्या मांडवातच लागतो, कारण तिथे आत्याबाई आणि कॉलेजची पोरे एकाच वेळी समोर असतात आणि दोघांच्याही फर्माइशी सांभाळाव्या लागतात.

शहापूरचा रेकॉर्डप्रेमी

मूळ प्रश्नातील आजोबांच्या तबकड्यांविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. कृपया त्यांवर प्रयोग करू नका. नाट्यसंगीताच्या त्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आणि लाखेच्या मिश्रणाच्या असण्याची शक्यता अधिक. त्या ठिसूळ असतात. हातातून सुटल्या तर कपबशीसारख्या फुटतात. त्यांची खाच रुंद असल्याने आजची बारीक सुई तीत तळाशी लोळते आणि खरखर तेवढी ऐकू येते. शिवाय डीजे मंडळींचे लाडके टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ केवळ ३३⅓ आणि ४५ फेऱ्यांवर चालते, म्हणजे ७८ची तबकडी त्यावर योग्य वेगाने वाजणारच नाही. तबकड्या मऊ ब्रशने पुसून, उभ्या ठेवून जतन करा. कधी ऐकवायला बोलावलेत तर मी आनंदाने येईन.

जुन्या बाजारात मिळणाऱ्या घरगुती रेकॉर्ड प्लेअरविषयीही सावध राहा. त्यांतील अनेकांत मोटार पट्ट्याने चकती फिरवते. तबकडी हाताने धरली की चकतीही रेंगाळते आणि सोडल्यावर वेग यायला वेळ लागतो. स्क्रॅचसाठी डायरेक्ट ड्राइव्हचे यंत्र लागते. त्यात चकती थेट मोटारीवर असते आणि तबकडीखाली फेल्टची स्लिपमॅट (सहज घसरणारी चटई) घातलेली असते, त्यामुळे वर तबकडी धरून ठेवली तरी खाली चकती आपल्या वेगाने फिरतच राहते. एमके२ हे १९७९ सालचे यंत्र सुमारे ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेते, आणि त्याचा दबदबा टिकून राहण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

अनगोळचा वाजवणारा

सर्वांचा आभारी आहे. तबकड्या पुन्हा ट्रंकेत गेल्या. आता एक शंका राहते. टर्नटेबल घेतले तरी माझी निम्मी गाणी तबकडीवर मिळणारच नाहीत. जानपद गीते तर थेट मोबाइलवरच प्रसिद्ध होतात. टिळकवाडीकर सरांनी सेराटोचा उल्लेख केला. त्यात तबकडी आणि लॅपटॉप दोन्ही कसे चालतात?

टिळकवाडीकर

त्यासाठी टाइमकोडची तबकडी मिळते. तिच्यात गाणे नसते, एक सलग सूर कोरलेला असतो. सेराटोच्या तबकडीत तो १ किलोहर्ट्झचा आहे. आपण तबकडी भरभर फिरवली की सूर चढतो, हळू फिरवली की उतरतो आणि त्यावरून सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या सुरांत मुद्दाम थोडे अंतर ठेवलेले असते. त्यातले कोणते पुढे आहे यावरून तबकडी सुलट फिरते की उलट, हे समजते. त्याच सुरात जागेची सांकेतिक खूणही असते. मग लॅपटॉपमधील कोणतेही गाणे, अगदी काल आलेले जानपदही, आपल्या मनगटाच्या हालचालीप्रमाणे पुढेमागे सरकते. म्हणूनच हा डिजिटल आणि तो खरा, अशी सरळ रेघ ओढता येत नाही. एकाच माणसाच्या समोर दोन्ही असतात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. लॅपटॉप जुना असेल तर आवाज तुटू नये म्हणून सॉफ्टवेअरमधील बफर, म्हणजे वाजण्याआधी ध्वनी साठवण्याची जागा, वाढवावी लागते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनीत ५१२ नमुन्यांचा बफर ठेवला तर तेवढ्यानेच सुमारे १२ मिलिसेकंदांचा उशीर होतो. गाणी जोडताना तो कोणाला कळणार नाही, परंतु स्क्रॅच करताना हात पुढे आणि आवाज मागे असे वाटते आणि सराव करणाऱ्याचा हिरमोड होतो.

निपाणीकरांचा कानाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. त्यासाठी मात्र टर्नटेबल विकत घेण्याची आवश्यकता नाही. आपल्या कंट्रोलरवरही सिंक बंद करता येते, लाटांची आकृती दिसू नये म्हणून लॅपटॉपचा पडदा खाली करता येतो आणि पिचची पट्टी हाताशी असतेच.

निपाणीचा साउंडवाला

हे करून पाहाच. आधी एकच गाणे दोन्ही बाजूंना लावा, एकाचा वेग डोळे मिटून बिघडवा आणि ऐकून जुळवा. ते साधले की मग निरनिराळी गाणी घ्या. पिचची पट्टी ८ टक्क्यांवरच ठेवा, कारण वर सांगितलेल्या एमके२ टर्नटेबलवर तेवढीच मिळते. १०० ठोक्यांचे गाणे ९२ ते १०८च्या बाहेर नेता येत नाही म्हटल्यावर कोणते गाणे कशानंतर लावावे, याचा विचार आपोआप सुरू होतो. हळदीच्या कार्यक्रमात मात्र हा सराव करू नका, घरी करा. नवरदेवाच्या मामांना त्याचे कौतुक नसते.

अनगोळचा वाजवणारा

पडदा खाली करून पाहिले. अवघड आहे. दुसरे गाणे पुढे पळते आहे की मागे पडते आहे, हेच आधी उमगत नाही. हेडफोनमध्ये नेमके काय ऐकत राहावे?

निपाणीचा साउंडवाला

गायकाकडे लक्ष देऊ नका. दोन्ही गाण्यांतला टाळीचा किंवा स्नेअर ड्रमचा आवाज धरा. दोन टाळ्यांची एक टाळी झाली की जुळले. टाळी दुहेरी ऐकू आली तर दुसरे गाणे मुद्दाम थोडे मागे ओढा. गोंधळ वाढला तर ते मुळातच मागे होते, मग पुढे ढकला.