व्हॅटिकनवरील थरारपटांतील पिस्तुले कितपत खरी?

प्रश्न: धार्मिक कटकारस्थानांच्या चित्रपटांत मारेकरी चर्चमध्ये सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलातून गोळी झाडतो आणि शेजारच्या बाकावरील भाविकालाही ते कळत नाही. पोपच्या संरक्षण दलाचे जवान, म्हणजे स्विस गार्डही कधी हॅलबर्ड (लांब दांड्याची भालेवजा कुऱ्हाड), तर कधी पिस्तूल घेऊन दिसतात. यात तथ्य किती आहे?

उत्तर १: स्विस गार्डचे चित्रण बरेचसे खरे आहे. १५०६ साली स्थापन झालेल्या या दलाचे हॅलबर्ड आज मुख्यतः समारंभापुरते असले, तरी साध्या वेशातील जवान पिस्तूल बाळगतात. १३ मे १९८१ रोजी सेंट पीटर्स चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर नऊ मिलिमीटरच्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर दलाच्या शस्त्रप्रशिक्षणाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

उत्तर २: सायलेन्सरचे दृश्य मात्र मला मुळीच पटत नाही. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा सुमारे १६० डेसिबलचा आवाज सायलेन्सर साधारण २० ते ३५ डेसिबलने कमी करतो, म्हणजे उरलेला आवाजही दगडी घुमटाखाली चांगलाच घुमेल. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल, तर तिचा हवेतील कडाका सायलेन्सरला रोखताच येत नाही.

उत्तर ३: ध्वनिमुद्रणातील आणखी एक चूक मला फार खटकते. ग्लॉक पिस्तुलाला बाहेरचा हॅमर (मागे ओढायचा घोडा) नसतो, तरीही पडद्यावर ते रोखताच हॅमर ओढल्याचा खटका ऐकू येतो.