उत्तरपत्रिका तपासताना आधीचं मत आड येतं, काय करावं?

खडूफळा:
अकरावी जीवशास्त्र, ६० उत्तरपत्रिका, प्रत्येकीत इतर प्रश्नांखेरीज ५ गुणांचे चार प्रश्न. पहिलं उत्तर झकास असलं की त्याच मुलाच्या चौथ्या, नुसत्या पाल्हाळाच्या उत्तरालाही हात सैल सुटतो. सुरुवात ढिसाळ असली तर पुढचा बरोबर मुद्दाही नजरेतून निसटतो. गुणदान योजना समोर असूनही असं होतं. नाव झाकलं तरी अक्षर ओळखीचं. उपाय काय?

मोजपट्टी:
याला हेलो इफेक्ट म्हणतात. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांची मूल्यांकनं तपासली. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व हे गुण वेगवेगळे, पण वरिष्ठांनी दिलेले आकडे एकमेकांना नको तितके धरून होते. माणसाबद्दल एकदा मत बनलं की प्रत्येक रकान्यात तेच उतरतं.

म्हणून पेपरवार तपासू नका, प्रश्नवार तपासा. साठही जणांचा प्रश्न १ संपल्याशिवाय प्रश्न २ उघडायचा नाही. गुण उत्तराशेजारी लिहू नका, वेगळ्या तक्त्यावर लिहा आणि आधीचा रकाना कागदाने झाका. पान उलटताना लाल ५ दिसला की सगळं मुसळ केरात.

प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा पिसायचा. तीन उत्तम उत्तरांनंतर आलेलं बरं उत्तरही फिकं वाटतं, तो फटका दर वेळी त्याच मुलाला बसू नये. प्रश्न संपला की पहिली सहा उत्तरं पुन्हा वाचा, कारण हात बसायच्या आधी ती तपासलेली असतात.

हिरवीशाई:
मोजपट्टींशी सहमत, पण मूळ दुखणं बहुतेकदा योजनेतच असतं. ‘मांडणी व आकलन : २ गुण’ असं लिहिलं की त्या दोन गुणांत तपासणाऱ्याचं पूर्वमत आरामात मावतं.

उदाहरणार्थ, प्रकाशसंश्लेषणावर परिणाम करणारे घटक. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान, पाणी यांना एकेक गुण आणि ब्लॅकमनच्या मर्यादक घटकाच्या नियमाला (जो घटक सगळ्यात कमी पडतो तोच क्रियेचा वेग ठरवतो) एक. आता एखाद्याने ‘थंडीत ही क्रिया मंदावते’ एवढंच लिहिलं. वळणदार अक्षरात असलं तर आपण ‘तापमान’ असं मनात पुरं करून गुण देतो, गिचमीड असलं तर ‘मुद्दा नाही’ म्हणून पुढे जातो. चालणारं आणि न चालणारं वाक्य आधीच योजनेत लिहून ठेवा. आठ-दहा पेपर नुसते चाळले की असली वाक्यं हाती लागतात.

खडूफळा:
प्रश्नवार तपासणी आजपासून सुरू करते. अक्षराचं काय? आणि एकूण ३४ वर, पास व्हायला एक गुण कमी पडून अडकलेल्यांचं?

मोजपट्टी:
अक्षर झाकता येत नाही, तपासणारा बदलता येतो. दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांशी गठ्ठ्यांची अदलाबदल करा. तेही जमत नसेल तर निदान दहा पेपर दोघांनी स्वतंत्र तपासा, एकाचे गुण दुसऱ्याला न दाखवता. ५ पैकी एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिथेच थांबून योजना सुधारा, मगच पुढचे पेपर घ्या. हा खटाटोप जास्त वाटेल, पण १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीचा एकच पेपर १४२ शिक्षकांकडून तपासून घेतला, तेव्हा १०० पैकी गुण ६४ पासून ९८ पर्यंत पडले होते.

हिरवीशाई:
३४ बद्दल. बेरीज सगळे प्रश्न संपल्यावरच करा, शक्यतो दुसऱ्याकडून करून घ्या. ३४ दिसला की डोळ्यांपुढे आकडा राहत नाही, ‘नापास’ हा शिक्का उभा राहतो, आणि मग कुठे एक गुण सापडतो का ते आपण शोधू लागतो. ३६ वाल्याच्या पेपरात जादा दिलेला गुण कोणी शोधत नाही. फेरतपासणी करायचीच तर ३२ ते ३८ मधले सगळे पेपर काढा, बेरीज झाकून, आणि गुण वाढवायची जेवढी तयारी तेवढीच कमी करायचीही ठेवा.