मदत हवी आहे: एनक्रिप्टेड डिस्कवर छोट्या फायली वाचताना पीसी रखडतो

नौपाडकर
नौपाड्यात काकांचं टॅक्सचं ऑफिस आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, बिलं, सगळं स्कॅन होऊन एकाच पीसीवर पडतं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका ऑफिसातून मध्यंतरी कोणीतरी अख्खा सीपीयू उचलून नेला. तेव्हापासून काकांनी धोशा लावला, म्हणून डिस्क लक्स-2 ने (लिनक्समधली डिस्क कुलूपबंद करायची पद्धत) एनक्रिप्ट केली.

मशीन बरं आहे: रायझन 5, 1 टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), उबुंटू 22.04, वर एक्स्ट-4 फाइल सिस्टिम. मोठी फाइल झपकन उघडते. पण एखाद्या जुन्या क्लायंटचं फोल्डर उघडलं, ज्यात शेकडो बारीक स्कॅन आहेत, की थंबनेल एकेक करत येतात. जुलैत रिटर्नची गर्दी असताना हे परवडत नाही.

एफआयओने (डिस्कचा वेग मोजायचं टूल) मोजलं, कॅशे टाळून. 4के रँडम रीड, एका वेळी एकच मागणी: कच्च्या डिस्कवर (एनक्रिप्शन वगळून) सेकंदाला 60 एमबीच्या आसपास, मॅपरवरून, म्हणजे एनक्रिप्शनच्या थरातून, 35. लक्स सांभाळणाऱ्या क्रिप्टसेटअप या टूलच्या बेंचमार्कमध्ये मात्र एईएस-एक्सटीएसचं (डिस्कवर वापरलेली एनक्रिप्शनची पद्धत) डिक्रिप्शन 3000 च्या वर दाखवतं. मग अडतंय कुठे? रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) 256 वरून 4096 सेक्टर केलं. मोठ्या फायलींना फरक पडला, छोट्यांना शून्य. एकाने सुचवलं की 512 बिटची चावी 256 करून टाक. करू का?

टर्मिनलवाला
चावीला हात लावू नका. एक्सटीएसमध्ये 512 बिट म्हणजे 256 च्या दोन चाव्या, आणि तुमच्या प्रोसेसरला एईएस हार्डवेअरमध्येच येतं. तिथे वेळ वाचणार तो किती! शिवाय तो बेंचमार्क निव्वळ रॅममध्ये चालतो, डिस्कचा त्यात संबंधच नाही.

तुमचा वेळ जातोय रांगेत. डिस्कवरून ब्लॉक आला की डीएम-क्रिप्ट (कर्नलमधला एनक्रिप्शनचा भाग) तो तिथल्या तिथे उलगडत, म्हणजे डिक्रिप्ट करत, नाही, कर्नलच्या वर्कक्यूला, म्हणजे कामांच्या रांगेला, देतं. सरकारी ऑफिसात कागद तयार असतो, पण सही पलीकडच्या टेबलावर, तसं. मोठ्या फाइलला पुढचे ब्लॉक आधीच मागवलेले असतात म्हणून हे जाणवत नाही. छोट्या फाइलला दर वेळी तो फेरा पडतो.

क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या इंजिनिअरांनी 2020 मध्ये हेच खणून काढलं आणि लिनक्स 5.9 पासून ही रांग बंद करायची सोय आली. क्रिप्टसेटअप 2.3.4 किंवा पुढचं लागतं, 22.04 वर ते आहेच. क्रिप्टसेटअप रिफ्रेशला ‘पर्फ-नो-रीड-वर्कक्यू’ हा ऑप्शन द्या. डिस्क अनमाउंट करायची गरज नाही. आधी नुसतं करून बघा, आवडलं तर ‘पर्सिस्टंट’ जोडा, मग ते लक्स-2 च्या हेडरमध्येच (डिस्कच्या सुरुवातीचा चाव्या आणि सेटिंगचा भाग) नोंदलं जातं.

नौपाडकर
डेटाला धोका?

टर्मिनलवाला
नाही. डिस्कवर जे लिहिलंय ते तसंच राहतं, फक्त उलगडायचा रस्ता बदलतो. पर्सिस्टंट दिलं नसेल तर रीबूट केलं की पूर्ववत.

कोपरीची_मावशी
नौपाडकर, एनक्रिप्शनचा सेक्टर साइझ बघितलास का? क्रिप्टसेटअपच्या लक्सडंप कमांडमध्ये दिसेल. 512 असेल तर 4के च्या एका ब्लॉकसाठी डीएम-क्रिप्टला आठ तुकडे वेगवेगळे उलगडावे लागतात. 4096 केलास तर एकदाच. पण त्यासाठी आख्खी डिस्क रीएनक्रिप्ट करावी लागते, आणि ते काम अनमाउंट करूनच कर. लक्स-2 मध्ये मधेच लाइट गेली तर पुढे चालू करता येतं हे खरं, तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात घालू नकोस बाबा. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: रीएनक्रिप्टनंतर हेडरचा जुना बॅकअप कामाचा राहत नाही, नवीन घ्यायचा.
माझं मत विचारशील तर सीझन संपेपर्यंत ते राहू दे. आधी रांगेचं कर.

नौपाडकर
रांग बंद केली. मॅपरवरून आता 50 च्या पुढे जातंय. थंबनेलही भराभर येतात, निदान त्या पीसीवर तरी. सेक्टर 512 च निघाला, ते मावशी म्हणतात तसं सीझननंतर बघेन. बॅकअपची यूएसबी हार्ड डिस्कपण लक्सच आहे, जुनी, फिरणारी. तिलाही हेच करू?

टर्मिनलवाला
काही हाती लागणार नाही. तिथे हेड जागेवर जायलाच काही मिलिसेकंद लागतात आणि तुम्ही वाचवणार मायक्रोसेकंद. त्यापेक्षा बॅकअप घेताना प्रत्येक क्लायंटच्या जुन्या वर्षांची एकेक टार फाइल (अनेक फायलींचं एकच गाठोडं) करा. हजार ठिकाणी शोधत बसण्यापेक्षा ती डिस्क सलग वाचेल, आणि सलग वाचणं तिला छान जमतं.